अजिंक्यपद वगळून

क्लबच्या नोटीस बोर्डावर कागद लागला, त्या शनिवारी मी आठवड्याची कामं लिहीत बसले होते. बर्फ काढणाऱ्याला फोन, फर्नेसचा फिल्टर, मुलीचा डेंटिस्ट, मंडळाच्या हळदीकुंकवासाठी वाण. बाकडं, मांडीवर वही, समोर काचेची भिंत आणि काचेपलीकडे माझी सोळा वर्षांची मुलगी एका काळ्या रबरी चेंडूमागे धावते आहे, हा माझा दर शनिवारचा दोन तासांचा मुक्काम. स्क्वॉशचं कोर्ट म्हणजे एक मोठी पांढरी खोली. खिडकी नाही, चारही बाजूंनी भिंती, मागची तेवढी काचेची. आत कोंडून घ्यायचं आणि भिंतींशी भांडायचं, असा एकूण खेळ.

कागदावर लिहिलं होतं की उन्हाळ्यात स्क्वॉशची चारही कोर्टं काढून तिथे पिकलबॉलची, म्हणजे टेनिसच्या सोप्या आवृत्तीची, करण्यात येतील. सभासदांच्या आग्रहावरून.

कोच बाहेर आली. टॉवेलने मान पुसत ती कागदासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे वळली.

"वाचलंस, आई?"

"वाचलं. तुझं काय?"

"पिकलबॉल शिकवशील का, असं विचारतायत."

"येतं तुला?"

"सगळ्यांनाच येतं. तीच तर त्याची खुबी आहे."

ती एक्केचाळीस वर्षांची, मी सत्तेचाळीसची. तरी ती मला आई म्हणायची, कारण पहिल्या दिवशी मुलीने मला तशी हाक मारलेली तिने ऐकली आणि तेच माझं नाव असं धरून चालली. खरं कळलं तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. "आता बदलायचं का?" तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

ती पोलंडची. एके काळी तिच्या देशातली पहिल्या दोन-तीन क्रमांकांची खेळाडू. खुबा झिजला तेव्हा खेळणं सोडलं आणि इथे मिशिगनमध्ये या क्लबात शिकवायला आली. तिचा व्हिसा या एकाच क्लबाच्या नोकरीला बांधलेला होता. म्हणजे नोकरी गेली की देश सोडायला साठ दिवस. हे तिने मला सांगायची गरज नव्हती. आमच्या ट्रॉय गावातल्या ओळखीच्या प्रत्येक घरात साठ दिवस म्हणजे काय, हे शाळकरी पोरांनाही कळतं.

आमच्या घरात स्क्वॉश शिरला तो मंडळाच्या गणपतीत. चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या एका डॉक्टरांच्या बायको, आम्ही सगळ्या त्यांना काकूच म्हणतो, प्रसादाच्या रांगेत मला म्हणाल्या, "अगं, टेनिसला कशाला घालतेस? प्रत्येकाची मुलगी टेनिस. स्क्वॉशला मुलीच नाहीत. कॉलेजवाले शोधत असतात. माझ्या नातीचं झालं ना!" मी घरी येऊन वहीत लिहिलं: स्क्वॉश – कुठे, कधी, कोण शिकवतं. आठवड्याभरात तिन्हींची उत्तरं मिळाली. मला अशी कामं जमतात. पुण्यात असताना मी भोसरीच्या एका कारखान्यात अकरा वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग केलं आहे. कुठला सुटा भाग कुठे अडला आहे आणि कुणाला फोन केला की तो सुटेल, एवढंच माझं शिक्षण.

इथे मात्र आमचाच भाग अडला होता. ग्रीन कार्डाचा अर्ज केला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. नवऱ्याच्या व्हिसावर मी. मला नोकरी करायला वेगळी परवानगी लागते. ती संपते, मग पुन्हा अर्ज, मग वाट. त्या हिवाळ्यात ती संपलेली होती. ऑफिसने "तुझी खुर्ची ठेवतो" असं सांगून मला घरी बसवलं होतं. घर सोडून कुठे जायचं तर विचार करून जायचं. देशाबाहेर गेलं तर परत यायला पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का हवा आणि त्यासाठी वकिलातीच्या तारखा मिळत नव्हत्या. बाबा गेले तेव्हा मी गेले नाही. फोनवर सगळं पाहिलं. त्याबद्दल मी फार बोलत नाही.

तर माझ्याकडे वेळ होता, वही होती, आणि दुसऱ्या कुणाचं तरी अडलेलं काम समोर आलं होतं.

कोचने एक वकील गाठला. त्याने सांगितलं की असामान्य क्षमतेच्या लोकांसाठी वेगळा अर्ज असतो. त्यासाठी मालक लागत नाही, स्वतःचा स्वतः करता येतो. पुराव्यांचे दहा प्रकार, त्यांतले किमान तीन सिद्ध करायचे. बक्षिसं, वर्तमानपत्रात आलेलं, जाणकारांची पत्रं, असं.

"मी असामान्य आहे असं मलाच लिहून द्यायचंय," ती म्हणाली. "आमच्याकडे असं बोलणाऱ्या माणसाला जेवायला बोलवत नाहीत."

"तू बोलू नकोस. कागद दे. कागद बोलतील."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या बेसमेंटमध्ये दोन खोकी आणि कचऱ्याची एक काळी पिशवी आणून टाकली. पिशवीत तिचं सगळं करिअर होतं.

मी लांब टेबल उघडलं आणि वर्षांप्रमाणे ढीग घातले. आधी गळ्यात घालायची ओळखपत्रं, रंगीबेरंगी नाड्यांची, गुंता झालेली. मग स्पर्धांचे तक्ते, कोण कुणाशी खेळणार ते. जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे. रेल्वेची तिकिटं. खुब्याचे एक्सरे. आठवड्यातून तीन सकाळी ती यायची. मी चहा ठेवायची, ती त्यात लिंबू पिळून प्यायची, आणि आम्ही एकेक कागद उचलायचो.

तिचं गाव कोळशाच्या खाणींचं. वडील खाणीत इलेक्ट्रिशियन. एका व्यायामशाळेच्या मागे कुणीतरी हौसेने दोन कोर्टं बांधली होती, त्यातल्या एकाचं छप्पर गळायचं. ती तेरा वर्षांची असताना गळक्या कोर्टावर फुकट खेळू द्यायचे, म्हणून ती गळक्या कोर्टावर शिकली. ओल्या कोपऱ्यात चेंडू मेल्यासारखा पडतो, म्हणून तिची पुढे धाव घेण्याची सवय पक्की झाली. पुढे इतर देशांतल्या मुलींना कळेना की ही एवढी पटकन पुढे कशी पोचते. "छप्पर," ती म्हणाली. "लिही ना, वकिलाला आवडेल."

व्यावसायिक खेळाडू म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे विमानं आणि हॉटेलं होती. इथे निघाली बसची तिकिटं. रात्रभराचा प्रवास करून पात्रता फेरीला पोचायचं, हरलं तर संध्याकाळची परतीची बस. जिथे स्पर्धा, तिथल्या क्लबातलं एखादं कुटुंब खेळाडूंना घरी ठेवून घेतं. कुणाचा सोफा, कुणाच्या मुलाची खोली, भिंतीवर डायनासोर. एका घरात तिला आजीबाईंच्या पलंगाशेजारी गादी मिळाली होती आणि आजीबाई दर तासाला उठून विचारायच्या, जिंकलीस का. शनिवार-रविवारी शेजारच्या देशात जाऊन तिथल्या लीगमध्ये एका क्लबासाठी खेळायचं, त्यावर महिन्याचं भागवायचं. अशी सोळा वर्षं.

प्रत्येक तक्त्याच्या मागे तिने पेन्सिलीने निकाल लिहिला होता. पहिल्या फेरीत हरले. पहिल्या फेरीत हरले. पात्रता फेरीत हरले. दुसऱ्या फेरीत हरले! त्या दुसऱ्या फेरीपुढे उद्गारचिन्ह होतं.

"वकील म्हणालाय, हरलेलं लिहायचं नाही," मी म्हटलं.

"मग माझं करिअर दीड पान होईल."

"दीड तर दीड. पण भरगच्च दीड."

ती खूप हसली. मलाही बरं वाटलं. त्या बेसमेंटमध्ये मला पुन्हा भोसरीतल्यासारखं वाटायचं. माझं म्हणून एक काम, त्याला शेवटची तारीख, आणि काम झालं की ट्रक गेटबाहेर जाणार.

हे मी तिच्यासाठी का करत होते? वहीत कारणं लिहिली होती. एक, मुलीचा स्क्वॉश. कोच राहिली तर दुसऱ्या क्लबात शिकवेल आणि कॉलेजांना पत्रं लिहील. दोन, माझा वेळ. तिसरं कारण लिहिलं नाही. या गावात मला बारा वर्षं झाली. मंडळात ओळखी दीडशे. पण बेल न वाजवता मागच्या दाराने येणारी ती एकटीच होती.

नवऱ्याला माझा उद्योग फारसा पटत नव्हता. तो वाईट माणूस नाही, दमलेला माणूस आहे. एका रविवारी इस्त्री करता करता म्हणाला, "तुला माहितेय ना, तिला लाइनच नाहीये? पोलंड करंट आहे यार. पेपर पास झाला की कार्ड हातात. सहा-आठ महिने, बस."

"माहितेय."

"आणि आपण?"

"तुझा जन्म नाशिकचा. त्याला मी काय करू?"

"माझाच कशाला? तुझाही पुण्याचाच."

दोघंही हसलो, पण ते डोक्यातून गेलं नाही. रांग जन्माच्या देशावर ठरते. तिच्या रांगेत माणसंच नव्हती. आमच्या रांगेत आम्ही चौदा वर्षं उभे होतो आणि मुलगी एकवीस वर्षांची व्हायच्या आत आमचा नंबर लागला नाही, तर ती आमच्या अर्जातून बाहेर पडणार होती. कोचच्या फायलीला मी रंगीत टॅब लावत होते, तेव्हा कधी कधी माझे हात थांबायचे. मला तिचा हेवा वाटत होता. मग मी पुढचा टॅब लावायची.

आता खेळातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. स्क्वॉशमध्ये चेंडूचा जमिनीवर एक टप्पा पडला तरी तो मारता येतो. दुसरा टप्पा पडला की संपलं. पण कोपऱ्यात, वेगात, वाकून मारताना टप्पा एक होता की दोन, हे मारणाऱ्यालाच नीट कळतं. पंच मागे काचेपलीकडे असतो. म्हणून रीत अशी की मारणाऱ्यानेच थांबून हात वर करून सांगायचं, "नॉट अप." म्हणजे दुसरा टप्पा पडला होता, पॉइंट तुझा. लेखी नियमापेक्षा हा खेळाडूचा आब आहे. कोच पोरांना रॅकेट धरायला शिकवायच्या आधी हे शिकवायची.

वर्षभरापूर्वी माझ्या मुलीने एका स्पर्धेत असाच हात वर केला होता आणि त्याच पॉइंटवर सामना गेला होता. त्या सामन्यात कॉलेजांचे दोन प्रशिक्षक बघायला बसले होते. गाडीत मी म्हटलं, "कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं."

"इट वॉज नॉट अप, आई."

"अगं, पण पंचांनी तर..."

"आय न्यू इट. कॅन वुई गो?"

घर तीन तासांवर होतं.

फायलीकडे परत येते. दीड पानाच्या यादीत चौथ्या नंबरवर होतं राष्ट्रीय अजिंक्यपद. एकदाच मिळालेलं, पण मिळालेलं. वर्तमानपत्रात फोटो, हातात कप, केस कपाळाला चिकटलेले. वकील म्हणाला, सगळी फाइल याच्यावर उभी आहे. याला धरून एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचं पत्र आणा.

मी तक्ता पाहिला. अंतिम सामन्यात हरलेल्या खेळाडूचं नाव शोधलं. ती आता पोलंडमध्येच दुसऱ्या एका शहरात लहान मुलींना शिकवत होती, मोठं नाव होतं. हरलेल्याने जिंकलेल्याबद्दल लिहिलं तर त्याला वजन जास्त. सगळे कागद एका जागी राहावेत म्हणून मी कोचच्या नावाने एक वेगळं ईमेल उघडून दिलं होतं. त्यावरून मी त्या बाईंना पत्र पाठवलं. मुद्देसूद. आपण अंतिम सामना खेळला होतात, तिच्या विजयाबद्दल दोन परिच्छेद लिहून द्याल का, सोबत कात्रण जोडलं आहे, अमुक तारखेच्या आत मिळाल्यास उपकार होतील. भोसरीत पुरवठादारांना स्मरणपत्रं पाठवायची तसं. कोचला विचारायला हवं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. काम अडलं होतं, मी फोन लावला, इतकंच.

चार दिवसांनी उत्तर आलं. तीन ओळी. "पत्र देईन. तू चांगली खेळायचीस, तेही लिहीन. फायनलबद्दल लिहायचं तर शेवटच्या चेंडूबद्दलही लिहू का? तू म्हणशील तसं."

मला काही कळलं नाही. मी ते छापून, भोकं पाडून, 'पत्रं' या टॅबखाली लावलं आणि कोच आल्यावर दाखवलं.

तिने ते उभ्यानेच वाचलं.

"हे कुणी पाठवलं होतं?"

"मी."

"माझ्या नावाने?"

"फायलीच्या अकाउंटवरून. वकील म्हणाला होता की..."

ती खाली बसली. जॅकेटच्या खिशातून तिने चेंडू काढला. तो तिच्या खिशात नेहमी असायचाच. स्क्वॉशचा चेंडू गार असेल तर उसळत नाही, मारून मारून तापवावा लागतो. ती तो मुठीत धरून बसली.

"पाचवा गेम होता," ती म्हणाली. "मॅच बॉल माझा. तिने पुढच्या कोपऱ्यात चेंडू नुसता ठेवला, अलगद. सुंदर शॉट होता. मी पोचले. तुला माहितेय मी पोचते. पण चेंडू दोनदा पडला होता. मनगटाला कळतं ते. मी तो उचलला, तिच्या डोक्यावरून मागे गेला. ती धावलीच नाही. तिला वाटलं मी आता हात वर करणार. आम्ही दोघी एकाच कोचकडे शिकलो होतो ना."

"आणि पंच?"

"पंचांनी पॉइंट मला दिला. ती माझ्याकडे बघत होती. मी पंचांकडे बघत होते. मग मी हात वर केला. जिंकल्यावर करतात तसा."

तिने चेंडू दुसऱ्या मुठीत घेतला.

"त्या वर्षी राष्ट्रीय संघात एकच जागा होती. ती मला मिळाली. तिने पुढच्या हिवाळ्यात खेळणं सोडलं. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. आता तू बोललीस, माझ्यातर्फे. कात्रण जोडून."

मी माफी मागितली. मग, मी मी असल्यामुळे, लगेच विचारलं, "आता यादीचं काय करायचं?"

"ते काढ."

"अगं, पंचांनी दिलेला पॉइंट आहे. रेकॉर्डमध्ये आहे. कपावर तुझं नाव आहे."

"तिथे राहू दे. मी पुसायला नाही जात. पण इथे त्याच्याखाली मी पुन्हा सही नाही करणार."

"मग संघातली जागा, लीग, तेही सगळं त्याच्यामुळेच मिळालं. ते पण काढू?"

"नाही. ते मी खेळले. तू माझ्याशी वकिलासारखं बोलू नकोस, आई."

वकिलाला मी फोन केला. तो म्हणाला, अजिंक्यपद काढलं तर तीनचे अडीच होतात आणि अर्धा इथे कुणी मोजत नाही. शिवाय ही खोटी गोष्ट नाही, जाहीर नोंद आहे, ठेवायला कायद्याने काहीच हरकत नाही. मला ते पटलं. मी घरभर फिरत राहिले. क्लबने तिला शेवटची तारीख दिली होती, ती फ्रिजवर माझ्याच अक्षरात चिकटवलेली होती. बाहेर तिसऱ्यांदा बर्फ पडून गोठलं होतं, ड्राइव्हवेवर दार उघडून पाऊल टाकायची सोय नव्हती. मला वाटत होतं, ही बाई मोकळी सुटू शकते. एका सहीवर. आमच्यासारख्या लाखभर लोकांना जे मिळत नाही, ते ती एका जुन्या चेंडूसाठी सोडून देणार. मला तिचा राग आला होता. आणि ती गेलेली मला नको होती, हे त्या रागाच्या खालीच होतं.

मी यादी छापली. चौथा नंबर तसाच ठेवून.

गुरुवारी दुपारी ती सह्या करायला आली. किचनच्या टेबलावर मी फाइल उघडली, जिथे जिथे सही हवी तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. थालीपीठं केली होती. ती एका हाताने खात, दुसऱ्या हाताने सही करत गेली. यादीच्या पानावर पोचली. मी तव्याकडे तोंड केलं.

"वाचून घे एकदा," मी म्हटलं. आवाज मला हवा तसा लागला नाही.

"तू केलीस ना? बरोबरच असेल."

सही केल्याचा आवाज ऐकू आला. तिने तिसरं थालीपीठ घेतलं. माझ्या मुलीच्या बॅकहँडबद्दल बोलली, तिचा खांदा लवकर उघडतो म्हणाली. मी हो हो म्हणत फाइल बंद केली, रबर लावलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ती दाराजवळच्या पायरीवर बूट घालायला बसली. एक बूट घालून झाला.

"ते चौथ्या नंबरला आहे," मी म्हटलं. "मी काढलेलं नाही."

ती तशीच बसून राहिली, दुसरा बूट हातात.

"माहितेय," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे, माहीत नव्हतं. मी मुद्दाम वाचलं नाही."

मी गॅस बंद केला. मग ती एका पायात बूट घालून लंगडत टेबलापाशी आली.

"दुसरं पान छाप."

मी छापलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला, तो काढला, पुन्हा छापलं. चौथ्या नंबरवर आता लीगमधलं एक पदक आलं होतं. ती उभ्याने सगळी यादी वाचत गेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट ठेवून. सही केली. जुनं पान मी फाडायला घेतलं तर म्हणाली, "दे इकडे," आणि घडी करून खिशात टाकलं.

जादा फी भरली की उत्तर लवकर येतं. तसं ते आलं. नकार. राष्ट्रीय पातळीवरची मान्यता पुरेशी सिद्ध झालेली नाही, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. वकिलाने लगेच सुचवलं, अजिंक्यपद घालून नव्याने करू, अजून दिवस आहेत. स्पीकरवर आम्ही दोघी ऐकत होतो. मी तिच्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "नको, थँक यू," आणि फोन माझ्याकडे सरकवला. मी त्याला बाकीच्या कागदांचं काय करायचं, ते विचारलं.

ती जूनमध्ये गेली. सामान दोन बॅगा. कचऱ्याची पिशवी आता पिशवी नव्हती, चार जाड फायली होत्या, वर्षाप्रमाणे, हरलेल्या सामन्यांसकट. हरलेले मी नंतर स्वतःच लावले. ते सोडून ते करिअर दिसतच नव्हतं. तिने मुलीसाठी तीन कॉलेजांना पत्रं लिहून ठेवली होती. मुलीने त्यातलं एकच पाठवलं. बाकी दोन का नाही पाठवली, ते तिने सांगितलं नाही आणि मी कधी नव्हे ते विचारलं नाही.

माझी कामाची परवानगी त्याच महिन्यात आली. मी ऑफिसात जाऊ लागले. खुर्ची खरंच ठेवली होती.

तिचा फोन ऑक्टोबरात आला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. तिच्या गावात तिने दोन कोर्टांची जागा चालवायला घेतली होती. छप्पर गळत नव्हतं. अठरा मुली.

"ती आली होती," कोच म्हणाली. "तिच्या मुली घेऊन. आमच्याशी मॅच खेळायला."

"बोललात?"

"पार्किंगमध्ये. दहा मिनिटं."

"काय म्हणाली?"

"बरंचसं पार्किंगबद्दलच. आमच्याकडे जागा फार वाईट आहे. निघताना म्हणाली, वसंतात पुन्हा आणते मुलींना." मग तिने एकदम विचारलं, "तू पण ये ना वसंतात. तक्ते लावायला कुणी नाही. इथे सगळा गोंधळ आहे, आई. तू आलीस तर एका सकाळीत लावशील."

मी वही ओढली. हे मी विचार न करता करते. तारखा. मुलीच्या शाळेची सुट्टी. माझी रजा. पोलंडचा व्हिसा. मग परत यायचा शिक्का, तो कुठे मिळेल, तारीख आहे का. नवऱ्याच्या व्हिसाच्या एक्स्टेंशनचा अर्ज गेलेला आहे, त्याचं उत्तर यायच्या आत बाहेर गेलं तर काय होतं, लॉयरला विचारणे. शिक्का अडकला तर नोकरी. नोकरी अडकली तर मुलीचं शेवटचं वर्ष. लिहून झाल्यावर मी पान पाहिलं. सहा-सात ओळींतल्या दोनच माझ्या हातात होत्या, सुट्टी आणि रजा.

तिकडे मागे मुलींचा आवाज येत होता, चेंडू भिंतीवर आपटल्याचा.

"येते," मी म्हटलं.

कधी, ते तिने विचारलं नाही. तिला सातची बॅच होती.